विटांच्या पुलाखालून बोट काढताना

पहिल्यांदाच नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) हाकणार आहेस, तर इंग्लंडमधल्या स्टाफर्डशायर-वूस्टरशायर कालव्यावरच्या जुन्या पुलांशी जरा जपून. अभियंता जेम्स ब्रिंडलीने आखलेला हा कालवा १७७२ मध्ये पुरा झाला; पूल सात फूट रुंद बोटींच्या मापाचे. काठाची पायवाटही कमानीखालूनच जाते, म्हणून पाण्याचा मध्य आणि कमानीचा मध्य एक नसतो. केबिनचा पायवाटेपलीकडचा कोपरा विटांना घासतो तो इथेच. माझाही घासलाय! वेग पुलाआधीच उतरव, पण इंजिन न्यूट्रलला टाकू नकोस, सुकाणू ऐकेनासं होतं. पुढचं दिसत नसेल तर हॉर्न दे. बोट बांधल्यावर मात्र कमानीच्या कोपऱ्यावरून हात फिरव. पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांच्या ओल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी पाडलेल्या खाचा बोटांना लागतात.