निटिनॉलच्या टॅन डेल्टाचं शिखर वेगाप्रमाणे का बदलतं?

मशीन उघडू नका, ते ठीक आहे. तुम्ही लिहिलंय की डीएमएवर (नमुन्याला हलका मागेपुढे ताण देऊन त्याचा प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्रावर) 1 हर्ट्‌झला निटिनॉलची (निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची) तार मिनिटाला 5 अंशांनी थंड केली तेव्हा टॅन डेल्टाचं (दर आवर्तनाला किती ऊर्जा उष्णतेत जाते त्याच्या मापाचं, म्हणजे अंतर्गत घर्षणाचं) उंच शिखर आलं, 1 अंशाने केली तेव्हा ते बरंच खुजं झालं आणि ऐन शिखरावर तापमान रोखून धरलं तर खालीच बसलं. तिन्हींचं कारण एकच आहे.

थंड होताना ऑस्टेनाइटमधून (गरम असतानाच्या स्फटिकरचनेतून) मार्टेन्साइट (गार असतानाची रचना) उगवतं आणि त्या जागी स्फटिकाचा आकार तिरका होतो. हा तिरकेपणा अनेक दिशांना येऊ शकतो. तुमचा आंदोलणारा ताण त्यातल्या सोयीच्या दिशांना झुकतं माप देतो. ताणाने केलेलं ते काम परत मिळत नाही, उष्णतेत जातं. म्हणजे प्रश्न एवढाच, की एका आवर्तनात नवं मार्टेन्साइट किती बनलं? मिनिटाला 5 अंश आणि 1 हर्ट्‌झ, तर दर आवर्तनाला तापमान 0.083 अंश उतरतं. 1 अंशाच्या वेगाला 0.017. वारंवारता 10 हर्ट्‌झ करा, आणखी दहापट कमी. तापमान थांबलं की रूपांतरही जवळपास थांबतं, आणि घर्षणाचा हा भाग गळून पडतो. उरतं ते आधीच बनलेल्या सीमा ताणाखाली मागेपुढे सरकण्यातलं.

या मिश्रधातूत हे कानालाही कळतं. 1959 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्युलर यांनी नुकत्याच ओतलेल्या कांड्या काँक्रीटच्या जमिनीवर टाकून पाहिल्या. गार झालेली कांडी शिशासारखी बद्द वाजली, गरम असलेली घंटेसारखी खणखणली. त्यांनी गरम कांडी पाण्याखाली धरून गार केली, तर तीही बद्द! मार्टेन्साइटमधल्या जुळ्या स्फटिकपट्ट्यांच्या असंख्य सीमा कंपनं गिळत होत्या. (आकार आठवणारा धातू म्हणून त्याचं नाव नंतर झालं.)

खात्री करायची असेल तर वेग तोच ठेवून वारंवारता बदला. लोखंडातल्या कार्बनमुळे येणारं, 1 हर्ट्‌झला साधारण 40 अंश सेल्सिअसवर दिसणारं स्नूक शिखर वारंवारता वाढवली की वरच्या तापमानाकडे सरकतं. तुमचं जागचं हलणार नाही, फक्त उंची घटेल. आणि मापांक (तारेचा ताठपणा) त्याच पट्ट्यात खाली दबलेला दिसेल. तो दिसला नाही तर मात्र पकड ढिली आहे का बघा.

जलद थंड करताना शिखर दोनतीन अंश सरकल्यासारखं वाटलं तर त्याला भौतिकी चिकटवू नका. थर्मोकपल तारेपासून दूर असतं, पकडीचा लोखंडी गठ्ठा सावकाश निवतो. रूपांतराची तापमानं डीएससीवरून (गरम-थंड होताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रावरून) घ्या.

प्रबंधात शिखराची उंची देताना थंड करण्याचा वेग, वारंवारता आणि विकृतीचा आयाम (दर आवर्तनात तार किती ताणली जाते ते) शेजारीच लिहा. ते नसलेले आकडे मी तरी तुलनेला घेत नाही, मग पेपर कितीही मोठ्या जर्नलमधला असो.