ॲरिझोनातलं हिरव्या खोडाचं, पिवळ्या फुलांचं झाड कोणतं? बाभूळ का?

तुमच्या मुलीने टक्सनहून पाठवलेल्या फोटोतलं झाड बाभूळ नाही, आणि खोडाला कुणी रंगही फासलेला नाही. ते पालो व्हर्डे. सोनोरन वाळवंटातलं अस्सल तिथलंच. १९५४ पासून ॲरिझोनाचा राज्यवृक्ष.

काटे आणि बारीक पानं बघून बाभूळ वाटणारच. पण बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोंडा. इथे पाच सुट्या पाकळ्या दिसतायत. नात्याने हे झाड गुलमोहराला जास्त जवळचं.

खोड हिरवं, कारण सालीतच हरितद्रव्य आहे. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून कोरड पडली की झाड पानं टाकून देतं आणि सालीवरच अन्न तयार करत राहतं. फारच ताण पडला तर फांद्यासुद्धा वाळवून सोडून देतं! जुन्या झाडाचा बुंधा मात्र करडा आणि खरबरीत होतो.

आता नेमकं कोणतं पालो व्हर्डे? रानात तिथे मुख्यतः दोन. सालीच्या रंगावर फार विसंबू नका, उन्हात फोटो फसवतो. मुलीला एक फूल जवळून बघायला सांगा. पाचही पाकळ्या पिवळ्या असतील तर पार्किन्सोनिया फ्लोरिडा: साल निळसर हिरवी, काटे पेरापाशी, झाड बहुधा कोरड्या ओढ्याकाठी. वरची एक पाकळी पांढरट असेल तर पार्किन्सोनिया मायक्रोफायला: साल पिवळसर हिरवी, वेगळे काटे नाहीत, डहाळीचं टोकच काट्यासारखं अणकुचीदार, आणि शेंग दोन बियांच्या मध्ये आवळलेली. हे खडकाळ उतारावर वाढतं, फुलतंही थोडं उशिरा.

यांचं एक भावंड, पार्किन्सोनिया ॲक्युलिआटा, तुम्ही पुण्यात बसून बघू शकता. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याच्या कोरड्या पट्ट्यात मी ते कुंपणाला पाहिलंय. पानाचा दांडा वीतभर लांब, फितीसारखा चपटा. पर्णिका गळल्या तरी तो लोंबत राहतो. मुलीच्या फोटोत तशा फिती नाहीत, म्हणून ते मी बाद केलं.

एकच शंका उरते. झाड पार्किंगच्या कडेला दिसतंय. जवळून बघितल्यावर काटे अजिबातच नसतील तर तो लावलेला 'डेझर्ट म्युझियम' नावाचा संकर असू शकतो. त्यात या तिन्हींचं रक्त आहे, तेव्हा मग वरच्या खुणा जुळवत बसू नका.