जुनी रप, जाम इंजिन आणि "खरी मिनी बाईक": माझा (महागात पडलेला) अनुभव

थांब मित्रा, आधी तो ग्राइंडर खाली ठेव.

तुझी पोस्ट वाचली आणि नऊ वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. तू लिहितोस, गराज सेलमध्ये (घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत) दीडशे डॉलरला रप रोडस्टर ही जुनी अमेरिकन मिनी बाईक मिळाली, तिचं टेकम्सी कंपनीचं इंजिन जाम, एक जण म्हणतो नवीन २१२ सीसीचं प्रेडेटर इंजिन टाक संध्याकाळी फिरवशील, दुसरा म्हणतो मग ती खरी मिनी बाईक राहणार नाही. अगदी हेच. फरक इतकाच की मला तो दुसरा कोणी भेटला नाही.

"खरी" म्हणजे काय यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत सांगतो, पटलं तर घे. गिअरबॉक्स नाही, वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच किंवा पट्ट्यावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर, दोरी ओढून चालू होणारं टिलर-पंपाचं इंजिन आणि वाकवलेल्या नळीची फ्रेम, ती मिनी बाईक. गावाकडे पॉवर वीडरला असतं ना, त्याच जातीचं इंजिन. काही कट्टर लोक म्हणतात सस्पेन्शन असलं की बाद. त्यांना तुझी रोडस्टर दाखव, पुढे-मागे स्प्रिंगा आहेत, वर लाइटपण, आणि तिला मिनी बाईक नाही म्हणायची कोणाची टाप आहे? होंडा मंकी मला जीव की प्राण, १९६१ मध्ये टोकियोजवळच्या तामा टेक पार्कात पोरांच्या राइडसाठी आलेली ती, पण १९६९ च्या आसपास इथे अमेरिकेत आलेल्या तिच्या झेड-५० मॉडेलला तीन गिअर होते, म्हणजे माझ्या लेखी ती छोटी मोटरसायकल. नवीन १२५ सीसीची मंकी तर सोडूनच दे. होंडावाले चिडतील, चिडू देत. आणि पुण्याहून एक मित्र दरवेळी विचारतो "मग लूना?", तर बाबा जुन्या लूनाला पेडल होते, ती मोपेड, विषय संपला.

आता माझा गाढवपणा. मी २१२ आणलं. इंजिन स्वस्त आणि चांगलं आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण टेकम्सीचा सिलिंडर उभा आणि याचा तिरका, वर रुंद टाकी, ती फ्रेमला आपटायला लागली, मग मी इंजिनची प्लेट कापली, एक आडवी नळी कापली, वेल्डिंग मारलं. तेही एक वेळ ठीक होतं, कारण कापलेलं परत जोडता येतं. खरी चूक म्हणजे जुनं इंजिन टिनच्या कव्हरसकट भंगारवाल्याला दिलं. बायको म्हणाली पण होती की ठेव एका खोक्यात, मी म्हटलं गंजलेलं काय करायचंय.

त्या कव्हरवर नंबर ठोकलेला असतो. मॉडेल आणि सिरियल. सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते. म्हणजे ९१२३ असेल तर १९६९ चा १२३ वा दिवस. गाडीच्या वयाचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता आणि तो मी किलोच्या भावाने घालवला.

हे कळलं कधी, तर ट्रेलवर चालवायला नोंदणी करायला गेलो तेव्हा. खिडकीवरच्या बाई म्हणे १७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) द्या. अहो तो १९८१ पासून आला, ही गाडी त्याआधीची आहे! मग म्हणे त्याआधीची आहे हे दाखवा. काय दाखवू, भंगारवाल्याची पावती? दुसऱ्यांदा गेलो तर वेगळा माणूस, वेगळा फॉर्म. तिसऱ्यांदा म्हणाले मोटरसायकलच्या खिडकीवर जा, आणि तिथले म्हणाले ही मोटरसायकलच नाही. तीन सुट्ट्या गेल्या. (प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तुझ्याकडे काय लागतं ते स्वतः विचार, माझ्या भरवशावर जाऊ नकोस.) शेवटी विकायला काढली तर स्वॅप मीटमध्ये (जुन्या गाड्या-पार्टच्या बाजारात) एकाने वाकून फ्रेम बघितली, कापलेली जागा बघितली, आणि मला काही न बोलता पुढे गेला.

तर तू काय कर. स्पार्क प्लग काढ, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं सिलिंडरमध्ये ओत, आठवडाभर सोड, मधे मधे थोडं अजून टाक. हे उघड्यावर कर, गॅसच्या वॉटर हीटरजवळ नको, ॲसिटोन पेट घेतं आणि रंगही खातं. मग पान्याने शाफ्ट हळू मागे-पुढे हलव, दोरीला झटके देऊ नकोस. बऱ्याच वेळा नुसता सिलिंडरला गंज धरलेला असतो, सुटतो. टेकम्सीने २००८ मध्ये इंजिनं बंद केली, त्यामुळे आहे ते जप.

नाहीच सुटलं तर टाक २१२, माझी हरकत नाही, पण न कापता, अ‍ॅडॅप्टर प्लेट लावून, आणि जुनं सगळं खोक्यात. आणि यूट्यूब बघून गव्हर्नर (इंजिनचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढू नकोस. ते इंजिन ३६०० आरपीएमच्या हिशोबाने बनवलंय, ओतीव फ्लायव्हील (इंजिनचं जड फिरतं चाक) फुटलं तर ते तुझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर आहे. आधी ब्रेक बघ. माझ्या शेजाऱ्याच्या जुन्या गाडीला टायरवर घासणारी लोखंडी पट्टी एवढाच ब्रेक होता, ओल्या गवतावर तो आणि गाडी दोघं थेट कुंपणात.

तू ओहायोत आहेस म्हणालास ना? रपचा कारखाना मॅन्सफील्डलाच होता, आणि मालक मिकी रप स्वतः १९६५ च्या इंडी ५०० या मोटार शर्यतीत सहावा आलेला. त्या भागात अजून लोकांच्या शेडमध्ये पार्ट पडलेले असतात, रविवारी चक्कर मार, रोख पैसे ने.

आणि कव्हरवरच्या नंबरचा फोटो टाक इथे. ब्रशने घासू नकोस, नुसत्या कापडाने पूस.