उपस्थिती, सान्निध्य की भान?

शाहूपुरीतल्या एका वाचकाने विचारलंय: मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) मासिकासाठी ब्रदर लॉरेन्सवर लेख लिहितोय, ‘देवाच्या उपस्थितीचा सराव’ हे शीर्षक चालेल का?

व्याकरणाने चालेल, कानाला खटकेल. ‘उपस्थिती’ म्हटलं की हजेरीपट आठवतो. प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीत कार्यक्रम होतो आणि चहा घेऊन पाहुणे जातात. जो जातच नाही त्याला हा शब्द तोकडा पडतो. आणि ‘सराव’ कोल्हापुरात तालमीतला नाहीतर फुटबॉलचा, उद्याच्या सामन्यासाठी आज करायचा. लॉरेन्सला कुठला सामना खेळायचा होता? पॅरिसच्या कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासीपंथाच्या मठातला हा स्वयंपाकी (मृत्यू १६९१). गुडघे टेकल्यावर देव जितका जवळ, तितकाच भांड्यांच्या खडखडाटातही, एवढंच त्याचं म्हणणं. तव्यातलं ऑम्लेटही तो देवाच्या प्रेमाखातर उलटायचा.

‘सान्निध्य’ त्याहून बरा. मराठी बायबलात सोळाव्या स्तोत्राच्या शेवटी तो भेटतो. मूळ हिब्रूत तिथे ‘मुख’ अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणजे अगदी तोंडासमोर असणं.

पण सान्निध्य ही देवाची बाजू झाली. आपल्या बाजूला ‘भान’ हवं. काहीजण ‘जाणीव जोपासणे’ लिहितात; जोपासायला ते काय कुंडीतलं रोप आहे? भान येतं, राहतं, सुटतं. आपण फार तर ते ठेवतो. मूळ धातू ‘भा’, म्हणजे प्रकाशणं, दिसणं. जे होतंच ते दिसू लागलं की भान आलं. गंमत म्हणजे भजनात भान हरपलेलं चांगलं. लॉरेन्सचं उलट, भानही ठेवायचं आणि ऑम्लेटही करपू द्यायचं नाही.

खरं तर आपल्याकडची एखादी आजी ‘देव ध्यानात ठिवून वाग’ म्हणते, त्यात सगळं आलं. तिच्या ‘ध्यानात’ डोळे मिटणं नाही, काम करता करता लक्षात असणं आहे. मला हाच शब्द सगळ्यात आवडतो. पण शीर्षकात ‘ध्यान’ घातलंत तर लोक चटई शोधतील.

तेव्हा ‘देवाच्या सान्निध्याचं भान’ करा. ‘सराव’ची जागा लेखात ‘सवय’ने भरून निघेल. आणि प्रूफ बघताना ‘सान्निध्य’मधले दोन्ही न मोजून घ्या, पन्हाळ्याच्या रस्त्याला ‘निसर्गाच्या सानिध्यात’ जेवायला बोलावणाऱ्या पाट्यांवर एक हमखास गळालेला असतो.