स्किड स्टीअरला पंक्चर न होणारे टायर घालायचेत. फोम भरावा की सॉलिड घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबडमधल्या एका भंगार यार्डात तुमचा स्किड स्टीअर (पुढे बकेट असलेला छोटा चार चाकी लोडर) भाड्याने लावलाय, टायर १०-१६.५ चे आहेत (रुंदी १० इंच, डिस्क १६.५ इंचाची), सारखे पंक्चर होऊन बसतात, आणि तुमचे पार्टनर म्हणतात, "आधी मागचे दोन सॉलिड, म्हणजे भरीव रबराचे, घालून बघू, पुढच्यांचं नंतर बघू." फोम की सॉलिड हा तुमचा प्रश्न. पण माझी नजर "मागचे दोन आधी" यावरच अडकली, म्हणून लिहायला बसलो. फोम भरा नाहीतर सॉलिड घ्या, जे कराल ते चारही चाकांना एकदम करा. दोन-दोन अजिबात नाही.

स्किड स्टीअरला वळायला स्टीअरिंग नसतं, एका बाजूची चाकं जास्त आणि दुसऱ्या बाजूची कमी फिरवून ते घसरत वळतं. एका बाजूची दोन्ही चाकं एकाच हायड्रॉलिक मोटरवर, चेनने बांधलेली. पुढचं चाक एक फेरा मारेल तेव्हा मागचंही एकच मारणार, त्यात सूट नाही. आता मागे नवा भरीव टायर आणि पुढे झिजलेला हवेचा टायर असेल तर दोघांचा घेर वेगळा. एका फेऱ्यात एक चाक जास्त अंतर कापायला बघतं, दुसरं कमी. मातीत तो फरक घसरून निघून जातो. काँक्रीटवर टायर पकडून धरतो, घसरत नाही, मग सगळा ताण चेनवर आणि स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं मशीन अण्णांच्या आणि माझ्या भागीदारीत होतं. अण्णा म्हणजे माझे चुलतभाऊ, वयाने मोठे, धंद्यातही माझ्या आधीपासून. काम एका फाउंड्रीच्या भंगार शेडमध्ये, खाली काँक्रीट, वर टर्निंगचा (लेथवरच्या लोखंडी किसाचा) ढीग, पत्र्याचे काप, सळईचे तुकडे. हवेचे टायर तिथे टिकणं शक्यच नव्हतं. साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, काप गेला की पंक्चरवालाही हात वर करतो. ट्यूब टाकून बघितली, तीही गेली. टायर बसला की मशीन उभं, ऑपरेटर उभा, शेडचा सुपरवायझर घड्याळ बघणार आणि महिनाअखेरीला तेवढे तास बिलातून कापणार. मी म्हटलं, चारही सॉलिड घेऊ. अण्णा म्हणाले, "दोन घे, मागे इंजिनाचं वजन आहे, तिथेच जास्त बसतात. पुढचे अजून चालताहेत." त्यांच्यापुढे आवाज चढवायची आमच्या घरात पद्धत नाही. तरी मी मिस्त्रीसमोर सांगितलं की चेनला त्रास होईल. दोनच आले.

काही महिन्यांनी मशीन रिव्हर्सला घेताना डाव्या बाजूने खट-खट यायला लागलं. मिस्त्रीने चेनकेसचं, म्हणजे चेन ज्यात तेलात फिरते त्या पेटीचं, झाकण काढलं. आतल्या तेलात बोट बुडवून बाहेर काढलं तर बोटावर लोखंडाची बारीक चमक. चेन सैल पडलेली, स्प्रॉकेटचे दात एका अंगाला झुकलेले. अण्णा तिथेच म्हणाले, "बघ, तुझ्या भरीव टायरने चेन खाल्ली. हवेचा टायर झटका पोटात घेतो, हा घेत नाही."

मी गाडीतून मेजर टेप आणला आणि दोन्ही टायरना गुंडाळला. मागच्या नव्याचा घेर पुढच्या झिजलेल्यापेक्षा जवळजवळ १२ सेंटीमीटर जास्त. चाकाचा घेर साधारण अडीच मीटर धरा, म्हणजे किलोमीटरमागे ५० मीटरच्या आसपास एक चाक दुसऱ्याला ओढत किंवा ढकलत होतं. वर हवेचा टायर वजनाखाली दबतो, त्यामुळे खरा फरक त्याहून जास्त. मी टेप अण्णांसमोर धरला. त्यांनी बघितला नाही. बिल अर्धं-अर्धं भरलं आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात हाच विषय: सॉलिड टायर घातले की चेन जाते.

पुढे भागीदारी मिटली. एक मशीन माझ्याकडे आलं. त्याला मी नवी चेन टाकली, चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, भरीव. त्याच शेडमध्ये ते अजून चालतंय. चेनकेसचं तेल वेळेवर बदलतो, दर वेळी बोट बुडवून बघतो. चमक नाही. चेन टायरने खाल्ली की जोडी न जुळल्याने, याचं उत्तर त्या तेलात आहे.

आता तुमचा प्रश्न. काँक्रीटच्या भंगार यार्डाला साईडवॉलमध्ये आरपार भोकं असलेले सॉलिड टायर घ्या. ती भोकं शोभेची नाहीत, त्यांच्यामुळे रबर थोडं दबतं आणि धक्का कमी बसतो. रबर जाड असल्याने हवेच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त चालतात. हे बहुतेक स्वतःच्या डिस्कसकट येतात, म्हणून ऑर्डरआधी डिस्क नीट मोजा: आठ बोल्ट आहेत का, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास किती, ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते माप) किती. ऑफसेट चुकला तर टायर बूमला (बकेट उचलणाऱ्या हाताला) किंवा बॉडीला घासतो. बसवल्यावर पहिल्या काही तासांत नट पुन्हा आवळा, भरीव टायरचा हादरा नट सैल करतो.

फोम म्हणजे हवेच्या जागी दोन भागांचं पॉलियुरेथेन. व्हॉल्व्हमधून पातळ असताना भरतात, आत गेल्यावर रबरासारखं घट्ट होतं. खिळा घुसला तर घुसू द्या, काही जात नाही. पण भरायचाच तर नव्या टायरमध्ये भरा. झिजक्या टायरात फोम म्हणजे पैसे पाण्यात, कारण वरची गोटी (टायरची नक्षी) संपली की टायर फोमसकट टाकायचा. डिस्क वाचवायची तर सगळं कापून काढावं लागतं. वजनही खूप वाढतं, या मापात फोम मूळ टायरपेक्षा जड भरतो.

सीलंट (टायरच्या आत टाकायचं, भोक बुजवणारं द्रव) टाकून काम भागेल असं कोणी सांगितलं तर भंगारासाठी त्याचं ऐकू नका. बाभळीचा काटा, छोटा खिळा, इतपत ठीक. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागेत छाटणीनंतर तारेचे तुकडे आणि काटे असतात, तिथे मी स्वतः हवेचे जाड साईडवॉलचे टायर आणि सीलंटच सुचवेन. पोल्ट्रीतलं लिटर (कोंबड्यांखालचा भुसा-विष्ठेचा थर) काढायलाही तेच. या मशीनचा जन्मच पोल्ट्रीतला आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या केलर बंधूंनी एका टर्की पक्षी पाळणाऱ्यासाठी शेड साफ करायला तीन चाकी लोडर बनवला. त्याचंच पुढे १९६० मध्ये चार चाकी मशीन झालं. घसरत वळायचं आणि टायर झिजवायचं ते तेव्हापासून सुरू झालं. आपल्याकडे सगळेच त्याला बॉबकॅट म्हणतात, मग मशीन कोणाचंही असो.

मिशलिन कंपनीचा ट्वील टायर पण लोक विचारतात. त्यात हवा नाही, पॉलियुरेथेनचे आरे आहेत, टायर आणि डिस्क एकच. स्किड स्टीअरसाठी तो २०१२ मध्ये आणला. चालवायला मऊ, यात वाद नाही. पण उघड्या आऱ्यांमध्ये सळई अडकली तर? सळ्यांच्या यार्डात तो मी घेणार नाही.

किमती लिहीत नाही. द्वारका आणि आडगाव नाक्याकडे दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्या, भाव बदलत राहतात. हिशेब मात्र टायरच्या किमतीवर करू नका, उभ्या मशीनच्या तासांवर करा. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून मशीन उभं ठेवणं कोणालाच परवडत नाही.

काही गोष्टी राहिल्या. भरीव टायर काळ्या ओल्या मातीत वाईट, भोकांत चिखल भरतो आणि पकड जाते. यार्डाबाहेर मातीकाम घेणार असाल तर नीट विचार करा. ऑपरेटरच्या कंबरेला हादरे बसतात, सीटची गादी आणि सस्पेन्शन आधी ठीक करा. अण्णांचं झटक्याचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे, हे मी मान्य करतो. अंबडहून सिन्नरला मशीन चालवत नेऊ नका, भरीव आणि फोमचे टायर लांब पल्ल्यात तापतात, ट्रकवर टाका. आणि फोम भरलात तर ट्रकच्या रॅम्पला ते जास्तीचं वजन पेलतंय का, तेही बघा.

हवेचेच ठेवणार असाल तर १६.५ च्या डिस्कवर १६ चा टायर कोणी "बसतो हो" म्हणून चढवायला लागला तर तिथेच थांबवा. हवा भरताना तो फुटून माणसं गेली आहेत. टायर चढवलेल्या डिस्कला वेल्डिंगही करू देऊ नका.

पार्टनरना मेजर टेप द्या, पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर त्यांच्या हातानेच मोजू द्या. एकदम चारचे पैसे नसतील तर ते जमेपर्यंत चारही हवेचेच ठेवा, एकाच मापाचे, सारखे झिजलेले, हवा रोज सकाळी बघून.