बाबांना कार-टी थेरपी देता येईल का?

प्रश्न : माझ्या बाबांना बी-सेल लिंफोमा (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे, दोनदा केमो झाली तरी परत आलाय. कार-टीबद्दल ऐकलं, पण तो अमेरिकेतला करोडोंचा इलाज ना? आम्ही जळगावकडचे, मुंबईत राहायचं कुठे हाही प्रश्नच आहे.

उत्तर : ताई, आता तो फक्त अमेरिकेतला नाही राहिला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून नेक्सकार१९ नावाची आपल्याकडची कार-टी थेरपी बनवली, २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, लॅबमध्ये त्यांचे जीन असे बदलतात की त्या कॅन्सरच्या पेशीवरचं सीडी१९ नावाचं प्रोटीन ओळखतात, मग त्या सलाईनसारख्या परत चढवतात आणि त्या आतून लढतात. बाहेर ३-४ कोटी लागायचे, इथे साधारण ४०-५० लाख, आपल्यासारख्यांना हेही डोंगराएवढंच आहे हे मला कळतं. आणि सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, नंतर जोरात ताप येतो, बीपी पडतं, म्हणून काही दिवस अ‍ॅडमिट राहावंच लागतं, ते डॉक्टरांना नीट विचारा.

पैशांसाठी आधी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, लोक हे शेवटी करतात, तुम्ही पहिल्याच दिवशी करा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट आणि घरचे राहतात. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म घ्या, रेल्वेत पेशंटला स्लीपर नि थ्री एसीचं तिकीट फुकट, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट.