करडईच्या पाकळ्या आणि आजीचा गुडघा

प्रिय चिऊ,

गड्ड्याच्या जत्रेतला तुझा फोटो पोचला. खाली तू विचारलंस, "आजीचा गुडघा सुजलाय. काकू म्हणतात, करडईच्या पाकळ्यांचा चहा द्या. फुलंच ती, मग डॉक्टरांना कशाला विचारायचं?"

काकू उगाच सांगत नाहीत. आपल्या सोलापूरकडे ज्वारीच्या जोडीला करडई असतेच. तिचा एक वाण तर आपल्या भीमेच्या नावाचा आहे. कोवळेपणी तिची भाजी तू भाकरीबरोबर खातेस, पण पुढं तिला असे काटे येतात की गुरंसुद्धा तिच्यात शिरत नाहीत. पिवळं फूल सुकताना लालसर होतं, तेव्हा पाकळ्या खुडतात. तुझ्याएवढी असताना मी एकदा खुडल्या होत्या. बोटं काट्यांनी भरली, पाकळ्या मात्र ओंजळभरही नव्हत्या! त्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी केशरासारखं पिवळं होतं. त्यामुळंच लबाड लोक त्या केशर म्हणून खपवतात. चीनमध्ये मुका मार आणि सांधेदुखीवर त्या फार जुन्या काळापासून देतात. त्यांच्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यानं सूज उतरते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे.

पण आजी रोज रक्त पातळ करायची गोळी घेते, हे काकूंना कुठं ठाऊक आहे? या पाकळ्याही रक्त पातळ करतात. दोन्ही एकदम पोटात गेलं तर हिरड्यांतून रक्त येऊ शकतं, अंगावर काळेनिळे डाग उठू शकतात, आतल्या आतही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आजीला तो चहा नको, अगदी अर्धा कपसुद्धा. पोटुशी बाईलाही तो देत नाहीत. आणि तुला झेंडूनं खाज सुटते ना, करडई त्याच कुळातली आहे. तूही चव घेऊ नकोस.

हो, आणि फूल आहे म्हणून ते निरुपद्रवीच, असं नसतं. देवासाठी तू दारातली कण्हेर तोडतेस. तिचं फूल, पान, बी सगळंच विषारी, हृदयाचे ठोके बिघडवणारं. हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नकोस.

उद्या मामाबरोबर आजीला डॉक्टरांकडे ने. गोळ्यांची चिठ्ठी घे, पाकळ्यांची पुडीही घे आणि दोन्ही त्यांच्यापुढं ठेव. गुडघा लाल आणि गरम लागत असेल किंवा आजीला ताप असेल, तर उद्याची वाट बघू नका, आजच निघा. काकूंना मात्र नीट सांग हं, मायेनं दिलीय त्यांनी पुडी.

तुझी,
आई